जरा उचलून, मग ढकलून

जुन्या फियाटचा दरवाजा लावायला शिकवावं लागतं. पाहुणा बसतो, दरवाजा ओढतो, तो लागत नाही. पुन्हा जोरात ओढतो, या वेळी तो लागल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच वळणावर उघडतो. मग चालवणारा, रस्त्यावरची नजर न काढता, सांगतो, ‘जरा उचलून, मग ढकलून.’ बिजागऱ्या झिजून दरवाजा बोटभर खाली आलेला असतो, इतकंच त्याचं कारण. पण मालकाच्या लेखी तो बिघाड नसतो. ती पद्धत असते.

काच वर घेताना एका हाताने हँडल फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने काचेला बाहेरून आधार द्यायचा, ही पद्धत. पहिला गिअर पडत नसेल तर आधी दुसऱ्यात घालून मग पहिल्यात आणायचा, ही पद्धत. ब्रेक एकदा दाबून सोडायचा आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर तो लागेल असा भरवसा ठेवायचा, ही पद्धत. पेट्रोलचा काटा बऱ्याच वर्षांपासून पाव टाकीवर मुक्कामाला असतो, म्हणून किलोमीटर मोजून पेट्रोल भरायचं. किलोमीटरचा आकडाही थांबला असेल तर तारीख बघून भरायचं. अशा पद्धती ज्याला तोंडपाठ आहेत, त्याच्या हाती गाडी सुतासारखी सरळ चालते. दुसऱ्याच्या हाती ती सोसायटीच्या गेटबाहेर पडत नाही.

पासिंगच्या दिवशी नेमका हा दुसरा माणूस समोर येतो. त्याच्या अंगावर खाकी असते, हातात पॅड असतं, आणि त्याला आपली एकही पद्धत ठाऊक नसते. ती जाणून घ्यायची त्याला इच्छाही नसते. माझं तर असं मत झालंय की आरटीओच्या मैदानावर जुनी गाडी फारशी नापास होत नाही. नापास होतो तो गाडी आणि मालक यांच्यातला समझोता.

कायदा साधा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर नमुना २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा, गाडी निरीक्षकापुढे उभी करायची, आणि ती धड असली तर ५ वर्षांची मुदत घेऊन यायची. म्हणजे आमच्या घरातल्या ८६ सालच्या पद्मिनीची परीक्षा २००१ साली सुरू झाली. ती दर ५ वर्षांनी बसतेच आहे. फीसुद्धा परीक्षेला शोभेल अशी वाढत गेली. मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये लागत, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० वर गेले. सरकारला या गाड्या रस्त्यावर नको आहेत, हे ते इतक्या मोकळेपणाने सांगतं आहे. मालकांना मात्र ते ऐकू येत नाही. फियाटच्या इंजिनाशेजारी इतकी वर्षं बसल्यावर बऱ्याच गोष्टी ऐकू येईनाशा होतात.

शिवाय या मालकांनी गाडी घेतली तो काळ आठवावा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी पाठ फुगवलेली जुनी फियाट निघाली, जिला अख्खा महाराष्ट्र प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचा. मग १९६४ मध्ये चौकोनी चेहऱ्याची ११०० डिलाइट आली, पुढे तीच काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली आणि अखेर ‘पद्मिनी’. इंजिन तेच, १०८९ सीसी. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मधल्या काळात मुलं जन्मायची, शाळेत जायची आणि ‘आपली गाडी कधी येणार’ असं विचारण्याइतकी मोठी व्हायची. एवढी वाट बघून घरी आलेली गाडी हँडब्रेक लागत नाही म्हणून भंगारात द्या, असं त्या माणसाला कोण सांगणार?

तर हँडब्रेकपासूनच सुरुवात करू, कारण नापास होण्याच्या कारणांत त्याचा मान पहिला. पद्मिनीचा हँडब्रेक डॅशबोर्डखालून स्वतःकडे ओढायचा असतो. तो कोणी ओढत नाही. गाडी गिअरमध्ये लावायची, उतार असेल तर चाकाखाली वीट द्यायची, हीच पद्धत. त्यासाठी डिकीत एक वीट कायम असते. स्टेपनी नसली तरी चालेल, वीट पाहिजे. आता न वापरलेली केबल आपल्या नळीतच गंजून बसते, हे शास्त्र झालं. मैदानावर साहेब म्हणतात, ‘हँडब्रेक ओढा.’ गाडीचे मालक, म्हणजे काका, ओढतात. मूठ सहज हातात येते, पुढे आणखी येते, आणि थोडी केबलही तिच्यामागून बाहेर डोकावते. साहेब एजंटला खूण करतात. एजंट दोन बोटांनी गाडी ढकलतो. गाडी आज्ञाधारकपणे पुढे जाते. एरवी इंजिन चालू असतानाही ती इतक्या सहजी गेलेली नसते.

‘साहेब, उतारावर धरतो तो,’ काका म्हणतात.

‘मग मैदान तिरकं करू का?’

यावर उत्तर नसतं. तरी काका डिकी उघडून वीट दाखवतात. पुराव्यादाखल.

पायाच्या ब्रेकची गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि इथे थट्टा थोडी आवरली पाहिजे. चारही चाकांना ड्रम, लायनर झिजत गेले की ड्रम आणि लायनर यांतलं अंतर वाढतं, मग पहिल्या दाबात पेडल तळाला जातं आणि दुसऱ्या दाबात तेल पुरेसं पुढे सरकून ब्रेक धरतो. एखाद्या चाकाचा व्हील सिलिंडर झिरपत असेल तर त्या बाजूच्या लायनरला तेल लागतं आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. मालकाला हे सगळं पाठ असतं. तो ब्रेक दाबतानाच स्टिअरिंग बोटभर डावीकडे घेतो आणि गाडी सरळ थांबते. आपण काही केलं हे त्यालाही कळत नाही. साहेब स्वतः बसतात तेव्हा गाडी थेट बाजूच्या कडुलिंबाकडे जायला निघते.

एकदा असेच साहेब कडुलिंबाच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबले. उतरले. घाम पुसला आणि शांतपणे विचारलं, ‘काका, उद्या तुमच्या सूनबाईंनी गाडी काढली तर?’

‘सूनबाईंना आम्ही हात लावू देत नाही,’ काका म्हणाले.

साहेब बरोबर होते, हे सांगायला नकोच. रस्ता काही फक्त पद्धत माहीत असलेल्यांसाठी नसतो. समोरून येणाऱ्या पोराला आपला दुसरा दाब कधी पडणार आहे हे माहीत नसतं. पण हे काकांना पटवायचं म्हणजे त्यांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कौशल्याला बिघाड म्हणायचं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही.

साहेब तरुण असले की गंमत आणखी वाढते. हल्लीच्या पिढीतले एक निरीक्षक पद्मिनीत बसले, क्लच दाबला आणि डावा हात दोन सीटच्या मध्ये नेला. तिथे हवा होती. त्यांनी खाली वाकून पाहिलं, सीटखाली पाहिलं. मग मान वर न करता विचारलं, ‘गिअर काढून ठेवलाय का?’ गिअर त्यांच्या नाकासमोर, स्टिअरिंगच्या दांड्याला होता. काकांनी तो दाखवला, चार गिअर हवेत बोट फिरवून समजावले, रिव्हर्सला आधी स्वतःकडे ओढायचं आणि मग वर की खाली यावर दोघांत थोडी चर्चा झाली. त्या पाच मिनिटांत परीक्षक कोण आणि परीक्षार्थी कोण हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

आता वायरिंग. जुन्या गाडीत विजेच्या दिव्याला एकच वायर येते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा, मिस्त्रींच्या भाषेत ‘अर्थ’. मागच्या दिव्याचा स्क्रू गंजला की अर्थ तुटतो, पण वीज हार मानत नाही. ती शेजारच्या बल्बमधून वाट काढते. म्हणून डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मंद लुकलुकतो. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे लागतात. आणि पार्किंगचे दिवे लावले की काहीच होत नाही. साहेब मागे उभे राहून ओरडतात, ‘डावा! उजवा! ब्रेक!’ मालक आत बसून इमानेइतबारे एकेक बटण दाबतो, आणि मागे प्रत्येक वेळी काहीतरी लागतंच, फक्त मागितलेलं लागत नाही. मग मिस्त्री पुढे होतो, मागच्या दिव्यावर मुठीने एक ठोसा मारतो आणि म्हणतो, ‘आता बघा.’ आता सगळं लागतं. साहेब विचारतात, ‘रस्त्यात हा ठोसा कोण मारणार?’ मिस्त्रीला या प्रश्नाचं मनापासून नवल वाटतं. रस्त्यात कोण मागे उभं राहून बघतंय?

हॉर्नचं तसंच. स्टिअरिंगच्या मधलं बटण दाबलं की हॉर्न वाजावा अशी कारखान्याची कल्पना होती. तो संपर्क झिजून कधीचा गेलेला असतो. मिस्त्रीने डॅशबोर्डखाली घराच्या बेलचं बटण लावून दिलेलं असतं. साहेब स्टिअरिंग दाबतात, सगळीकडून दाबतात. शांतता. काका बाजूच्या सीटवरून हात घालून बेल वाजवतात, आणि साहेब दचकतात. ‘हे काय?’ ‘सोय,’ काका म्हणतात.

पत्र्याकडे वळू. फियाटचा पत्रा जाड, आताच्या गाड्यांसारखा नाही, हे वाक्य तुम्ही प्रत्येक फियाटवाल्याच्या तोंडून ऐकलं असेल. ते खरं आहे, जिथे पत्रा उरला आहे तिथे. बाकी ठिकाणी पुट्टी असते. कोकणातून आलेल्या गाडीत तर पत्रा कुठे संपतो आणि पुट्टी कुठे सुरू होते हे गाडीलाही माहीत नसतं. अनुभवी साहेब बॉलपेनच्या मागच्या टोकाने मडगार्डवर टिचकी मारत जातात: टण, टण, टण, डब. डब झालं की थांबतात. पुन्हा मारतात. डब. मालक दुसरीकडे बघतो.

वरचं एक वेळ रंगाखाली झाकता येतं, तळाचं येत नाही. पावसाचं पाणी दरवाजाच्या रबरातून आत येतं, पायाखालच्या रबरी मॅटखाली साठतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतं. एका पद्मिनीत साहेबांनी मॅट उचलली तर खाली खाद्यतेलाच्या डब्याचा पत्रा पॉप-रिव्हेटने ठोकलेला होता. चांगलं नीटनेटकं काम, कडा वळवून घेतलेल्या, रिव्हेट सारख्या अंतरावर. पत्र्यावर सूर्यफुलाचं अर्धं चित्र आणि ‘निव्वळ वजन’ एवढी अक्षरं शाबूत होती. साहेबांनी ती वाचली, मग दुसऱ्या बाजूची मॅट उचलली. तिथे डब्याचा उरलेला भाग नव्हता. तिथे थेट मैदान दिसत होतं. मालक म्हणाले, ‘ती बाजू राहिलीय, डबा संपायचाय अजून.’

टायरचा नियम स्पष्ट आहे: मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. पद्मिनीला लागतात ५.२०-१४ मापाचे, आणि हे माप मागितलं की बहुतेक दुकानदार तुमच्याकडे सहानुभूतीने बघतात. त्यामुळे फियाटवाल्यांत एक अलिखित सहकारी चळवळ चालते. कुणा एकाकडे बरे टायर असतात. ज्याचं पासिंग त्याच्या गाडीला ते आदल्या रात्री चढतात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरतात, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे जातात. हे टायर फारसे धावत नाहीत, म्हणून झिजत नाहीत, म्हणून कायम पासिंगलायक राहतात. इतकं सुरळीत फिरणारं भांडवल मी कुठल्या पतपेढीत पाहिलं नाही. एकदाच अडचण आली होती म्हणतात. दोघांना एकाच दिवसाची अपॉइंटमेंट मिळाली, तेव्हा पहिली गाडी पास होऊन बाहेर आली आणि आरटीओच्या भिंतीपलीकडे, चहाच्या टपरीमागे, दोन्ही गाड्या जॅकवर चढल्या. चहावाल्याने टॉमी धरली होती. मैदानातल्या साहेबांना दुसऱ्या गाडीचे टायर ओळखीचे वाटले, पण टायरला कोण नाव विचारणार?

पीयूसी ही त्या मानाने सोपी परीक्षा. भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत माफ आहे. नव्या गाड्यांच्या तुलनेत ही मर्यादा बरीच उदार म्हणायची. तरी चोक अर्धवट अडकलेला असला आणि कार्बोरेटर पेट्रोल ओतत असला तर तीही ओलांडली जाते. पण इथे निसर्ग मदतीला येतो. सायलेन्सरला भोकं असतील तर त्यातून बाहेरची हवा आत मिसळते आणि नळीत घातलेल्या मशीनच्या तोंडी पातळ धूर लागतो. आकडा खाली येतो. म्हणजे ज्याचा सायलेन्सर अधिक सडका त्याची पीयूसी अधिक स्वच्छ. पुढे हीच गाडी मैदानात शिरल्यावर साहेबांना लेखी काम थांबवून कानावर हात ठेवावा लागतो, तो भाग वेगळा. सायलेन्सर बदलला की आवाज पास होतो आणि धूर नापास. दोन्ही एकाच दिवशी पास करणारा मिस्त्री मिळाला तर त्याचा पत्ता कोणी कोणाला देत नाही.

असे मिस्त्री आता विरळच झालेत. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर चिंता नव्हती. कुठल्याही नाक्यावर पार्ट मिळायचा, कुठलाही टॅक्सीवाला बॉनेटमध्ये डोकं घालून निदान सांगायचा, आणि ते बहुधा बरोबर असायचं. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता तिचीही मुदत भरली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. खाजगी फियाटवाल्यांनी ते वाचले नाहीत, ते त्या आठवड्यात भंगार बाजारात डेल्को आणि वॉटर पंप शोधत होते.

यांत्रिक सगळं कसंबसं जमलं तरी खरी अडचण चेसिस नंबरची. कागदावर त्याचा पेन्सिलने ठसा काढून द्यावा लागतो. नंबर बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेला असतो, त्यावर चार वेळा रंग लागलेला असतो, रंगाखाली गंज आणि गंजाखाली कदाचित नंबर. एजंट आधी रॉकेलचा बोळा फिरवतो, मग पॉलिश पेपर, मग तारेचा ब्रश, पण हळू, कारण जास्त घासलं तर नंबरही जातो आणि मग ती गाडी कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच राहत नाही. मग पातळ कागद दाबून धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवायची. एकेक आकडा वर येतो. तिसरा आकडा ३ आहे की ८, यावर बॉनेटभोवती सभा भरते. आरसी बुक उघडलं जातं. तिथे १९८६ साली कारकुनाने जो आकडा लिहिला आहे तोही ३ असू शकतो किंवा ८. शेवटी एजंट कागदाला नख लावून खालची कड गडद करतो. ‘८ च धरा साहेब, ३ ची पाठ इतकी गोल नसते.’ हा माणूस दिवसभर आकड्यांच्या पाठी बघत असतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

नंबर जुळला की रंग जुळत नाही. पुस्तकात ‘पांढरा’, समोर आकाशी. रंग बदलला तेव्हा नोंद करायची असते हे कुणाला सुचलं नाही, कारण बदलला तेव्हा मुलीचं लग्न होतं आणि मांडवाच्या पडद्यांचा उरलेला विचार गाडीवर केला गेला. रंगाचं मिटतं तोवर पुस्तकातला बँकेचा शिक्का दिसतो. कर्ज १९९० सालीच फिटलं, पण बोजा उतरवायला नमुना ३५ द्यायचा राहून गेला. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, दुसरी तिसरीत. तिसरीच्या शाखेतल्या मुलीने कागद हातात घेतला, कर्जाची तारीख वाचली आणि अतिशय अदबीने म्हणाली, ‘आजोबा, तेव्हा माझा जन्म नव्हता.’ जणू त्यामुळे कर्ज फिटलं नव्हतं.

आणि मग संगणक. तीन अक्षरांच्या जुन्या नंबराच्या गाडीची नोंद कुठल्यातरी कपाटातल्या वहीत असते, ‘वाहन’ पोर्टलवर नसते. तिथे ती आधी ‘बॅकलॉग’ म्हणून चढवावी लागते. कंपनीचं नाव, मॉडेल, सीट किती, इंधन काय, सगळे रकाने भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. १९८६ ची गाडी संगणकात जन्माला येते तो दिवस घरात बारशाइतका महत्त्वाचा. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचा सोपस्कार वेगळाच. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाल्यावर फियाटवाले गेले, प्लेट बसवली, न काढता येणाऱ्या कुलुपांनी ती कायमची जखडली. एका बंपरच्या बाबतीत प्लेट कायम राहिली, बंपर राहिला नाही.

परदेशातले लोक या बाबतीत काय करतात, याची चौकशी आपल्याकडे नेहमी होते. इंग्लंडात मोटारींची अशी तपासणी १९६० साली सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षांपुढच्या गाड्यांना होती. पुढे त्यांनी ती कडक केली, आणि २०१८ च्या मे महिन्यात ४० वर्षांपुढच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यातून सोडूनच दिलं. गाडी रस्त्यावर आणण्याइतकी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाची. म्हणजे मालकाच्या पद्धतीला राणीच्या सरकारने मान्यता दिली म्हणायची. मला हे तितकंसं पसंत नाही. मी काकांना ओळखतो, कडुलिंबही ओळखतो.

आपल्याकडे कायद्याने वेगळाच तोडगा काढला आहे. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. गाडी ५० वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली की तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास मालिका मिळते. नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण ५,०००. पन्नाशी गाठली की मान, आणि १५ ते ५० या मधल्या वयात दर पाच वर्षांनी मैदानात उभं राहून ‘डावा, उजवा, ब्रेक’. याची बहुतेक मध्यमवयीन माणसांना इतकी सवय असते की त्यांना यात काही अन्याय वाटत नाही. मूळ रूपाची अट मात्र जाचक आहे. सूर्यफुलाचा पत्रा मूळ धरायचा का, आणि बेलचं बटण? मिस्त्रीचं म्हणणं, वीस वर्षं झाली की सगळं मूळच.

विंटेज गाडी रोजच्या वापरासाठी नाही, हे त्याच नियमांत आहे. ती बाहेर काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, आणि पेट्रोल भरायला व दुरुस्तीला. हे वाचून आमच्या ओळखीतल्या फियाटवाल्यांना मोठा दिलासा मिळाला. शेवटची दोन कामं सोडली तर त्यांची गाडी एरवीही बाहेर पडत नाही, आणि तांत्रिक संशोधन म्हणाल तर ते रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून नेहमीच चाललेलं असतं. आमची ८६ ची पन्नाशीला पोचायला २०३६ उजाडेल. तोपर्यंत हँडब्रेकची केबल करून घ्यायला हवी. मिस्त्री गुरुवारी येतो म्हणालाय. कुठल्या, ते बोलला नाही.